गोलरक्षकाचा पेशा
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर जी व्याख्याने झाली, ती संतवाङ्मय, सहकार, आरोग्य, विवाहसंस्था अशा भारदस्त विषयांवर झाली. माझा विषय फुटबॉल आहे हे ऐकून पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मुद्रेवर स्मित उमटले, ते मी पाहिले. मी त्यांस दोष देत नाही. चिटणिसांनी मला बोलण्याची आज्ञा केली ती माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे. आपल्या शिक्षण-साहाय्य निधीकडे यंदा आलेल्या एका अर्जासाठी केली. अर्ज सोळा वर्षांच्या मुलाचा आहे. तो गोलरक्षक आहे, परगावच्या एका प्रशिक्षण केंद्रात त्याची निवड झाली आहे, आणि राहण्याजेवण्याच्या खर्चापैकी काही भाग आपण उचलावा अशी त्याच्या वडिलांची विनंती आहे. मंडळात मतभेद झाला. तरुणपणी मी गोलात उभा राहत असे हे कोणासतरी आठवले, आणि हे काम माझ्याकडे आले.

प्रथम हा पेशा म्हणजे काय, ते सांगतो. आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच अशी एक चौकट असते. तिच्यात एकाच माणसास उभे राहावयाचे असते. संघातील इतर दहा जणांस चेंडूस हात लावण्याची मनाई. याला मात्र आपल्या चौकोनापुरती मुभा. त्याचा सदरा निराळ्या रंगाचा. पुढे खेळणाऱ्याचे दहा फटके फुकट गेले आणि अकरावा लागला, तर लोक त्यास खांद्यावर घेतात. गोलरक्षकाने दहा अडविले आणि अकरावा सुटला, तर घरी जाताना लोक अकराव्याविषयीच बोलतात. पेनल्टीचा फटका बारा यार्डांवरून येतो. चेंडू पोहोचावयास अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणजे पाहून उडी मारावयाची सवडच नसते. मारणाऱ्याच्या खांद्यावरून, पावलावरून अंदाज बांधून आधीच झेपावावे लागते. अंदाज चुकला की माणूस उजवीकडे आणि चेंडू डावीकडे, आणि प्रेक्षकांत हशा. मैदानावरची पोरे त्याला ‘गोली’ म्हणतात. आमच्या काळी ज्याला धावता येत नसे त्याला गोली करीत. मला धावता येत नसे, हे मी आरंभीच कबूल करतो.

पुण्याच्या संदर्भात ज्या गोलरक्षकाची हकीकत मला सांगावयाची आहे, तो आपल्या प्रांताचा नव्हे. सुब्रत पाल हा बंगालमधील सोदपूरचा, जन्म २४ डिसेंबर १९८६. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तो तयार झाला आणि अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच कलकत्त्याच्या मोहन बागानसारख्या मातबर क्लबाच्या गोलात उभा राहिला. आणि आरंभीच त्याच्यावर असा प्रसंग आला, की दुसरा कोणी असता तर त्याने मैदानाचे नाव टाकले असते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, मोहन बागान विरुद्ध गोव्याचा डेम्पो. डेम्पोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने गोल केला, त्याच क्षणी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो कोसळला. पुन्हा उठला नाही. परदेशातून पोटासाठी आलेला तो तरुण त्या मैदानावर गेला. देशभर हळहळ झाली, संतापही झाला, चौकशी झाली, सुब्रतवर काही काळ बंदी आली. अशा वयात, अशा आघातानंतर पुन्हा त्याच चौकटीत उभे राहावयाचे, आणि समोरून धावत येणाऱ्याच्या पायांत पुन्हा झोकून द्यावयाचे! दचकणारा गोलरक्षक निरुपयोगी असतो. त्या मुलाने मनाशी काय झगडा केला असेल, त्याचा अंदाज मी करू शकत नाही. तो पुन्हा उभा राहिला एवढे खरे.

पुढील काळ चढता गेला. २००७ आणि २००९ या दोन्ही वर्षी दिल्लीस भारताने नेहरू चषक जिंकला, दोन्ही वेळा सीरियास हरवून. २००९ चा निकाल टायब्रेकरवर लागला आणि तो सुब्रतच्या हातांनी लावला. मधल्या २००८ साली एएफसी चॅलेंज चषक मिळाला आणि त्यामुळे भारतास आशियाई चषकाचे दार उघडले.

आणि याच सुमारास तो पुण्यात आला. २००७ साली येथे पुणे एफसी नावाचा व्यावसायिक क्लब निघाला होता, हे येथील कित्येकांस ठाऊकही नसेल. २००९-१० च्या मोसमात तो देशाच्या आय-लीगमध्ये प्रथमच उतरला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. सामने बालेवाडीस होत. शनिवार पेठेतून बालेवाडीस जावयाचे म्हणजे त्या काळी बसने दीड तासाची निश्चिंती. तरी मी नातवास घेऊन जात असे. एवढे मोठे क्रीडांगण आणि प्रेक्षक विखुरलेले, त्यामुळे गोलरक्षकाचा आवाज थेट आमच्यापर्यंत येई. घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यास हे कधी कळावयाचे नाही. चेंडू पलीकडच्या टोकास असतो, तेव्हाही हा माणूस स्वस्थ नसतो. चार पावले पुढे, दोन मागे, बचावफळीस हाका, खांबास हात लावून स्वतःची जागा पडताळणे. नव्वद मिनिटांत चेंडूस त्याचा हात फार थोड्या वेळा लागतो. उरलेला वेळ तो केवळ तयार असतो. पगार त्या तयारीचा.

जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे आशियाई चषक झाला. भारत तेथे सत्तावीस वर्षांनी खेळत होता, आणि गोलात होता पुणे एफसीचा सुब्रत पाल. निकाल ऐका: ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार, बहारीनविरुद्ध पाच, दक्षिण कोरियाविरुद्ध चार. तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. आपल्या मंडळाच्या हिशेबतपासनिसांच्या दृष्टीने पाहिले तर हे खाते बुडीत आहे. परंतु त्या स्पर्धेतून नावलौकिक घेऊन परतला तो हाच. कोरियाविरुद्धच्या सामन्यात तेविसाव्या मिनिटास भारत तीन गोल खाऊन बसला होता. अब्रू जाणार, आठ-दहा होणार, असे वाटावे अशी ती वेळ. त्यानंतर एक्याऐंशीव्या मिनिटापर्यंत कोरियास एकही गोल करता आला नाही. फटके थांबले होते म्हणून नव्हे. ते येतच होते, आणि हा ते पंजांनी, मनगटांनी, छातीने परतवीत होता. एक्याऐंशीव्या मिनिटास जो चौथा गोल झाला, तो सोन ह्युंग-मिन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने केला. आपल्या देशासाठी त्याचा तो पहिला गोल. हा सोन पुढे इंग्लंडमध्ये जगद्विख्यात झाला. त्या स्पर्धेपासून सुब्रतला ‘स्पायडरमॅन’ हे नाव चिकटले, ते कायमचे. तेरा गोलांचा हिशेब कोणी मागितला नाही. याला मी फुटबॉल पाहणाऱ्यांची समज म्हणतो. ती आपल्याकडे क्वचित दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता परदेशाची गोष्ट. आपल्या घरांतून ‘मुलगा परदेशी गेला’ हे वाक्य उच्चारले की पुढचे काही विचारावयाचे नसते. येथे मात्र विचारले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये सुब्रतने डेन्मार्कच्या एफसी वेस्टशेलँड या क्लबाशी करार केला. परदेशी व्यावसायिक क्लबाने करारबद्ध केलेला पहिला भारतीय गोलरक्षक म्हणून वृत्तपत्रांतून गाजावाजा झाला. हा क्लब स्लॅगेल्से या लहान गावचा, परंतु त्या वेळी डेन्मार्कच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा. सुब्रतचे वय सत्तावीस. थंडी, परकी भाषा, परके अन्न. ते सर्व सोसता येते. सोसवत नाही ती दुसरी गोष्ट. बचावफळीत चार जण असतात, मध्यफळीत तितकेच. एक दुखावला की दुसऱ्यास जागा मिळते. गोलात जागा एकच! पहिला गोलरक्षक धडधाकट असेल तर दुसऱ्याने बाकावर बसावयाचे, आठवड्यामागून आठवडे. रोज सकाळी त्याच तडफेने सराव करावयाचा आणि शनिवारी अंगात गरम डगला चढवून पाहत राहावयाचे. सुब्रतच्या वाट्यास तेच आले. मुख्य संघाकडून लीगचा सामना त्यास मिळाला नाही, आणि त्याच वर्षी तो स्वदेशी परतला.

हे अपयश काय? मला तसे वाटत नाही, पण यशही म्हणवत नाही. त्याच वर्षी पंजाबचा गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. तो बावीस वर्षांचा होता, म्हणजे थांबावयास त्याच्यापाशी वेळ होता. तोही बाकावर बसला, एक वर्ष, दोन वर्षे. शेवटी ३० जून २०१६ रोजी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत वेल्सच्या एका क्लबाविरुद्ध तो उतरला. त्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला भारतीय. आणि नशिबाची थट्टा अशी की त्या सामन्यातही दुखापतीमुळे त्यास वेळेआधी बाहेर यावे लागले. २०१७ मध्ये तोही बंगळुरास परतला आणि त्याचे खरे कर्तृत्व येथेच दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहा येथे कतारसारख्या आशियाई विजेत्या संघास भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले, त्या रात्री गोलात तोच होता.

भगिनींसाठी एक नाव अधिक सांगतो. दिल्लीत वाढलेली अदिती चौहान ही २०१५ साली लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाच्या महिला संघाची गोलरक्षक झाली. पण ती इंग्लंडला गेली कशी? लफबरो विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी. शिकावयास गेली, विद्यापीठाच्या संघात उभी राहिली आणि तेथून क्लबात पोहोचली. आपल्या निधीचे नाव शिक्षण-साहाय्य निधी आहे, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम मंडळाच्या कानांवर घालतो.

परत आल्यावर सुब्रत रिकामा बसला नाही. मुंबई सिटी, मग नॉर्थईस्ट युनायटेड; २०१६ साली अर्जुन पुरस्कार; २०१७ मध्ये पुन्हा पुण्यात, या खेपेस डीएसके शिवाजीयन्सकडे; आणि नंतर जमशेदपूर. ज्या गावी तो पोरवयात शिकला त्याच गावच्या नव्या क्लबाच्या गोलात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, २०१७-१८ च्या मोसमातील इंडियन सुपर लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान त्यास मिळाला. पुढे हैदराबाद, पुन्हा कलकत्ता. आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे. आपल्यापैकी कित्येकांनी एका कचेरीत यापेक्षा फार अधिक नोकरी केलेली नाही. धावणाऱ्या खेळाडूचे गुडघे तिशीनंतर बोलू लागतात. गोलरक्षकास मात्र तिशीतच शहाणपण येते. हा या पेशाचा एक गुण जमेस धरावा.

परंतु खर्चाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी मुलाच्या वडिलांची फसवणूक केल्यासारखे होईल. ज्या पुणे एफसीत सुब्रत खेळला, जो २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता, तो क्लब २०१५ मध्ये संपला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे दोन मोसम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४ मध्ये वाजतगाजत निघालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादेस गेली. ज्या हैदराबादकडून सुब्रत पुढे खेळला, तोच तो क्लब. एका दशकाच्या आत या एका शहरात तीन व्यावसायिक क्लब मावळले. आणि हा केवळ आपला दोष आहे असे मानू नका. डेन्मार्कचा तो वेस्टशेलँड क्लबही सुब्रत परतल्यानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच दिवाळखोरीत निघाला. गोलरक्षक टिकला, गोलाचे खांब टिकले नाहीत!

पूर्वी असे नव्हते, कारण पूर्वी खेळाचा पगारच नव्हता, नोकरीचा होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरियास हरवून भारताने सुवर्णपदक घेतले, तेव्हा गोलात उभा होता तो पीटर थंगराज, लष्करातून पुढे आलेला. आपल्या शेजारी गोव्यात ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर वर्षानुवर्षे साळगावकर या खाणमालकांच्या क्लबाकडून खेळले, देशाचे कर्णधार झाले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. दोहोंत पंचवीस वर्षे गेली. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने उतरतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. पेठच्या पेठ पोरांच्या पाठीशी उभी राहते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. आपल्या पुण्यात पेठा आहेत, तालमीही आहेत, गणपती तर विचारूच नका. पण फुटबॉल तेवढा लष्कर भागात राहिला.

आता एक गोष्ट माझ्याविषयी. महाविद्यालयात असताना मी तीन वर्षे गोलात उभा राहिलो. हातमोजे जुन्या बाजारातून घेतलेले, लष्करी, लोकरीचे. पावसात भिजले की दोन्ही हातांस शेर शेर वजन होई. तीर्थरूपांनी एकदाच सामना पाहिला. आम्ही चार गोलांनी हरलो. घरी येताना ते एवढेच म्हणाले, “चेंडू अडवून संसार चालत असता, तर सरकारने तशी खाती काढली असती.” मी बँकेच्या परीक्षेस बसलो. संसार उत्तम झाला. माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या एका कागदाबद्दल, आणि ती माझ्याच विरुद्ध आहे. २०१० मध्ये, म्हणजे मी बालेवाडीच्या वाऱ्या करीत होतो त्याच वर्षी, याच निधीकडे असाच एक अर्ज आला होता. आपल्याच ज्ञातीतील मुलगा, गोलरक्षक. गोव्यास प्रशिक्षणासाठी जावयाचे म्हणून सहा हजार रुपये मागत होता. छाननी माझ्याकडे होती. मी अर्जावर लिहिले : ‘क्रीडा हे शिक्षण नव्हे; सबब अर्ज अमान्य.’ खाली माझी सही. कोणी दडपण आणले नव्हते. नियम तसा होता आणि नियमाप्रमाणे लिहिणे ही माझी आयुष्यभराची सवय होती. त्याच रविवारी नातवास घेऊन मी सुब्रत पालचा सामना पाहावयास गेलो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या लक्षातही आले नाही. टाळ्या वाजवून घरी आलो.

तो मुलगा आता गृहस्थ आहे. मोटारींच्या एका दुकानात चांगल्या हुद्द्यावर आहे. लग्नकार्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो, ‘काका, प्रकृती कशी आहे?’ म्हणून विचारतो. त्या अर्जाचा विषय त्याने कधी काढला नाही. तो गोव्यास गेला असता तर मोठा गोलरक्षक झाला असता, असे मी म्हणणार नाही. बहुधा झाला नसता. परंतु ते ठरविण्याची संधी त्याच्या हातांना मिळावयास हवी होती. ते माझ्या लेखणीने ठरविले.

तेव्हा यंदाच्या अर्जाविषयी माझे मत असे. साहाय्य द्यावे. परंतु एका वर्षापुरते द्यावे आणि दरवर्षी नव्याने विचार करावा. बारावीची परीक्षा मुलाने चुकवू नये अशी अट घालावी, आणि ती शिक्षा म्हणून नव्हे, तर क्लब बंद पडतात म्हणून. ‘परदेशी जाणार’ हे स्वप्न त्याच्या वडिलांनी दारोदार सांगत फिरू नये. गेला तर बाकावर बसण्याची तयारी ठेवून जावे. आणि हातमोज्यांची रक्कम वेगळी धरावी. हल्लीचे चांगले हातमोजे महागही असतात आणि फार दिवस टिकतही नाहीत. प्रत्येक झेपेला ते थोडेथोडे जमिनीवर राहतात. हे मी अनुभवाने नव्हे, नातवाच्या खरेदीवरून सांगतो. पाच वर्षांनी मुलगा परत आला आणि म्हणाला ‘काका, जमले नाही’, तर आपण त्याच्याकडे पैसे परत मागू नयेत. जमाखर्चात ती रक्कम शिक्षण या सदराखालीच दाखवावी.

मंडळाची बैठक पुढील रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात आहे. २०१० चा तो कागद दप्तरात अजून आहे, मी तो काढून ठेवण्यास सांगितले आहे. अर्जदार मुलगा सभागृहात शेवटच्या रांगेत दाराजवळ उभा आहे. जागा असूनही बसलेला नाही. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले.